सॉरी म्हणजे माफी की दुःख, आणि त्याच्यापुढे फॉर, अबाउट की टू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना कळेल. ऑफिसमधल्या सहकाऱ्याचे वडील गेले, तुम्ही त्याला मेसेज केलात, 'आय अ‍ॅम सॉरी फॉर युवर लॉस', आणि तो वाचून तुमचा मित्र म्हणाला की अरे तू कशाला माफी मागतोयस, तुझी काय चूक त्यात. मग तुम्हालाच खटकायला लागलं. पुढे तुम्ही अजून तीन गोष्टी विचारल्यात, की सॉरी हा शब्द सॉरो म्हणजे दुःख यावरूनच आलाय का, सॉरीनंतर फॉर, अबाउट की टू लावायचं, आणि क्लायंटला मेल लिहिताना सॉरी लिहावं की अपॉलोजाइज.

पहिलं सांगून टाकते, मेसेज अगदी बरोबर होता आणि त्या प्रसंगी इंग्रजीत हेच लिहितात. मित्राला तो चुकीचा वाटला कारण त्याने मनातल्या मनात सॉरीच्या जागी 'माफ कर' ठेवून वाचलं. आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांचंच असं होतं. हा शब्द आपण अगदी लहानपणी शिकतो आणि एकाच प्रसंगात शिकतो, कोणाला धक्का लागला, कोणाचं काही सांडलं, की मोठी माणसं म्हणतात सॉरी म्हण. त्यामुळे सॉरी आणि स्वतःची चूक हे डोक्यात इतकं घट्ट चिकटून बसतं की जिथे आपली चूकच नाही तिथे हा शब्द वापरायला जीभ अडखळते. इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात मात्र सॉरीचा अर्थ 'मला वाईट वाटतंय' एवढाच असतो. आता ते वाईट स्वतःच्या हातून काही झालं म्हणून वाटतंय की समोरच्यावर काही कोसळलं म्हणून, हे शब्दात नसतंच, ते प्रसंगावरून ओळखायचं असतं.

हे मलासुद्धा काम करतानाच कळलं. मी २२ वर्षं इंग्रजीवरून मराठीत भाषांतर करतेय, सुरुवातीची बरीच वर्षं सबटायटल्सची होती. अगदी पहिल्या वर्षातला एक प्रसंग आठवतो. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, ऑपरेशन थिएटरचं दार उघडतं, सर्जन बाहेर येतो, डोक्यावरची टोपी काढतो, पेशंटच्या बायकोकडे बघतो आणि म्हणतो 'आय अ‍ॅम सॉरी'. मी खाली लिहिलं, 'मला माफ करा.' फाइल तपासणाऱ्या बाईंनी तिथेच थांबवलं आणि विचारलं, डॉक्टरने काय केलं? मी म्हटलं काहीच नाही, पेशंटला आणायलाच उशीर झालेला असतो. त्या म्हणाल्या, मग हे मराठीत वाचणारा माणूस आता पुढची वीस मिनिटं डॉक्टरची चूक कधी उघड होते याची वाट बघत बसेल. बरोबरच होतं त्यांचं. ओळ पडद्यावर सव्वा सेकंदच राहणार होती, त्यामुळे लांबलचक काही बसणार नव्हतं, शेवटी आम्ही ठेवलं 'नाही वाचले ते.' म्हणजे सॉरी या शब्दाचं भाषांतर केलंच नाही, सर्जनला जे सांगायचं होतं ते सांगितलं. तेव्हापासून सॉरी दिसलं की मी आधी बघते कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, आणि जे झालं त्यात बोलणाऱ्याचा हात आहे का.

आता शब्द कुठून आला ते. सॉरी आणि सॉरो सारखे दिसतात, अर्थानेही जवळचे वाटतात, पण त्यांची मुळं वेगळी आहेत. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, 'सार' म्हणजे दुखणं, जखम, वेदना, आणि त्यावरून विशेषण झालं 'सारिग', म्हणजे ज्याला वेदना होतेय असा, दुःखी. त्या 'सार' चा आजचा इंग्रजी शब्द म्हणजे सोअर, घसा दुखतो तेव्हा आपण सोअर थ्रोट म्हणतो ना तोच. म्हणजे सॉरी हा सोअरचा सख्खा भाऊ आहे. सॉरो आला तो 'सोर्ग' पासून, ज्याचा जर्मनमधला भाऊबंद 'झॉर्ग' आजही काळजी या अर्थाने वापरतात. दोन्ही शब्द शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदले, अर्थ एकमेकांत मिसळले, सॉरीच्या उच्चारावर सॉरोची छाया पडली, म्हणून आज एकाच घरातले वाटतात.

उच्चाराचं जरा बघण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीतला लांब 'आ' पुढे 'ओ' झाला, 'स्टान' चा स्टोन झाला, 'बान' चा बोन झाला, 'हालिग' चा होली झाला. त्याच नियमाने 'सारिग' चा 'सोरी' व्हायला हवा होता, पण तो स्वर आखूड होऊन सॉरी झाला. कॅनडातले लोक आज खरंच 'सोरी' म्हणतात, स्टोरीशी यमक जुळेल असं. तो जुना उच्चार टिकून राहिलाय असं मात्र समजू नका, त्यांच्याकडे र च्या आधीचे हे दोन स्वर नंतर एक झाले म्हणून तसं होतं. अमेरिकेत बहुतेक जण 'सारी' च्या जवळ जाणारं काहीतरी म्हणतात.

सोअर शब्द एके काळी 'खूप' या अर्थानेही वापरायचे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मेंढपाळ 'सोअर अफ्रेड' झाले असं आहे, म्हणजे दुखेपर्यंत घाबरले, फार घाबरले. जर्मनमध्ये 'खूप' ला जो 'झेअर' शब्द आहे तो याच मुळाचा. हे सांगायचं कारण एवढंच की या शब्दाच्या तळाशी चूक, गुन्हा, क्षमा यातलं काहीही नाहीये, कळ आहे, दुखणं आहे. माफीचा अर्थ त्यावर नंतर चढलाय. 'आय अ‍ॅम सॉरी' मधला 'आय अ‍ॅम' गळून नुसतं 'सॉरी' म्हणायची पद्धत तर त्याहूनही नंतरची, एकोणिसाव्या शतकातली.

आणि हे फक्त इंग्रजीत झालंय असं नाही. आपला दिलगिरी शब्द घ्या. फारसीत दिल म्हणजे काळीज आणि गीर म्हणजे धरणारा, पकडणारा, तर दिलगीर म्हणजे ज्याचं काळीज धरल्यासारखं झालंय तो, खिन्न, उदास. जुन्या मराठीत दिलगीर होणं म्हणजे दुःखी होणं असंच होतं. आज 'आम्ही दिलगीर आहोत' वाचलं की आपल्याला फक्त माफीनामा दिसतो. म्हणजे सॉरीने इंग्रजीत जो प्रवास केला तोच दिलगिरीने मराठीत केला, फरक एवढाच की सॉरीने जुना अर्थ सोडला नाही आणि आपल्या दिलगिरीने जवळजवळ सोडला. जर्मन माणूस सॉरी म्हणताना 'एस टूट मिअर लाइट' म्हणतो, म्हणजे मला याचं दुःख होतं. स्पॅनिश माणूस 'लो सिएन्तो' म्हणतो, शब्दशः मला हे जाणवतंय, आणि हे तो पायावर पाय पडला तरी म्हणतो आणि कोणाच्या घरी कोणी गेलं तरी म्हणतो. याउलट माफ आणि क्षमा हे शब्द समोरच्याकडून काहीतरी मागतात, माफ म्हणजे सोडून दे, क्षमा म्हणजे सहन कर. सॉरी काही मागत नाही, बोलणाऱ्याचं काय होतंय ते सांगतं फक्त. म्हणून सॉरी बरोबर माफ कर असं सरसकट समीकरण मांडलं की तुमच्या मित्रासारखा घोटाळा होतो.

आता अपॉलोजी. हा शब्द ग्रीकमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ स्वतःच्या बाजूने केलेलं भाषण, आरोपाला दिलेलं उत्तर. सॉक्रेटिसवर खटला चालला तेव्हाचं त्याचं जे भाषण प्लेटोने लिहून ठेवलंय त्याला इंग्रजीत अपॉलोजीच म्हणतात, आणि ते वाचलंत तर कळेल की त्यात त्याने कुठेही माफी मागितलेली नाही, उलट मी जे करत आलो तेच करत राहणार असं ठणकावून सांगितलंय. इंग्रजीतही सुरुवातीला हा शब्द बचाव याच अर्थाने वापरायचे, नंतर तो फिरला आणि आज अपॉलोजाइज म्हणजे झाल्या गोष्टीचा दोष स्वतःकडे घेऊन माफी मागणं असा पक्का अर्थ आहे. सॉरी वेदनेकडून आला आणि अपॉलोजी आरोपाकडून आला, हे लक्षात ठेवलं तर दोघांतला फरक आपोआप लक्षात राहतो.

जे. एल. ऑस्टिन नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हा फरक फार नेमका दाखवलाय. 'आय अपॉलोजाइज' म्हटलं की म्हणण्यातच ती कृती होऊन जाते, जसं 'मी वचन देतो' म्हटलं की वचन दिलं जातं तसं. 'आय अ‍ॅम सॉरी' मात्र मधेच लटकतं, ते माफी मागणंही असू शकतं आणि नुसतं मनाची अवस्था सांगणंही असू शकतं.

यावरून मी एक कसोटी वापरते, तुम्हीही वापरून बघा. वाक्यात सॉरीच्या जागी अपॉलोजाइज टाकून वाचायचं. 'आय अपॉलोजाइज फॉर युवर लॉस' कसं वाटतं? वडिलांना तुम्हीच मारलंत असं वाटतं. म्हणजे इथला सॉरी सहवेदनेचा होता. 'आय अपॉलोजाइज फॉर द लेट रिप्लाय' व्यवस्थित वाटतं, म्हणजे इथला सॉरी माफीचा. दहापैकी नऊ वेळा या कसोटीने काम भागतं. उरलेल्या एका वेळी बोलणाऱ्यालाच ते धूसर ठेवायचं असतं.

ते धूसर ठेवणं किती महत्त्वाचं असू शकतं याचं एक उदाहरण मी शिकाऊ भाषांतरकारांना नेहमी देते. १ एप्रिल २००१ ला चीनच्या हाइनान बेटाजवळ अमेरिकन नौदलाचं टेहळणी विमान आणि एक चिनी लढाऊ विमान हवेत धडकले. चिनी वैमानिक गेला, अमेरिकन विमान परवानगीशिवाय हाइनानवर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनने अडकवून ठेवले. चीनचं म्हणणं, आधी माफी मागा. अमेरिकेचं म्हणणं, आमची चूक नाही, माफी मागणार नाही. शेवटी ११ एप्रिलला अमेरिकेच्या राजदूतांनी एक पत्र दिलं, त्यात दोन ठिकाणी 'व्हेरी सॉरी' होतं, एकदा वैमानिकाच्या कुटुंबाच्या दुःखाबद्दल आणि एकदा तोंडी परवानगी न मिळता उतरल्याबद्दल. अपॉलोजाइज शब्द पत्रात कुठेच नव्हता. चीनने आपल्या लोकांना सांगितलं की अमेरिकेने माफी मागितली, अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं की आम्ही फक्त खेद व्यक्त केला, आणि ते २४ जण घरी गेले. सॉरी शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत होते म्हणून हे जमलं. भाषांतर करताना यातला एक अर्थ निवडावाच लागतो, आणि एवढ्याशा शब्दावर मी कधीकधी अर्धा तास घालवते तो याचसाठी.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट झालं, तिथे लोकांना नेमका सॉरी हाच शब्द हवा होता. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारने पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबापासून तोडून नेली होती. १९९७ मध्ये त्याचा चौकशी अहवाल संसदेत आला, आणि बरोबर एका वर्षाने, २६ मे १९९८ ला, लोकांनी पहिला सॉरी डे पाळला. १९९९ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधानांनी, जॉन हॉवर्ड यांनी, संसदेत ठराव आणला त्यात 'डीप अँड सिन्सिअर रिग्रेट' होतं, सॉरी नव्हतं, आणि लोकांना ती उणीव फार बोचली. १३ फेब्रुवारी २००८ ला केविन रड यांनी संसदेत अपॉलोजाइज आणि सॉरी दोन्ही शब्द उच्चारले, तेव्हा लोक रडले. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' असा शब्दप्रयोग आहे, आणि त्याचा अर्थ कोणी गेल्यावर पाळायचा शोक, त्याचे सगळे विधी. म्हणजे त्यांच्यासाठी सॉरी म्हणजे आधी शोक. संसदेत सॉरी म्हणणं म्हणजे नुसता दोष कबूल करणं नव्हतं, आमच्या दुःखात येऊन बसणंही होतं. माझ्या मते रिग्रेट हा शब्द कितीही डीप केला तरी तिथे पोचलाच नसता, कारण रिग्रेट लांबून करता येतं.

कायद्याचाही एक मुद्दा आहे आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे. अपघात, उपचार, नुकसानभरपाई अशा गोष्टींत सॉरी म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होईल या भीतीने लोक तोंडच उघडत नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी कायदेच केलेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्येच सहानुभूतीच्या शब्दांना कोर्टात पुराव्यातून वगळलं. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००६ च्या कम्पेन्सेशन अ‍ॅक्टमध्ये स्पष्ट म्हटलंय की माफी मागितली एवढ्यावरून निष्काळजीपणा कबूल केला असं धरता येणार नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने २००९ मध्ये यासाठी वेगळा अपॉलोजी अ‍ॅक्टच केला. पण हे सगळीकडे नाही, आणि जिथे आहे तिथेही तपशील वेगळे आहेत, त्यामुळे मामला कोर्टात जाण्यासारखा असेल तर मेलचा मसुदा वकिलाला दाखवूनच पाठवा, तिथे माझ्यासारखीचा सल्ला पुरेसा नाही.

आता तुमचा फॉर, अबाउट, टू वाला प्रश्न. आधी एक लक्षात घ्या, इंग्रजीत सॉरी हे विशेषण आहे, हॅपी, टायर्ड यांच्यासारखं, म्हणून त्याला 'अ‍ॅम', 'वॉज', 'फील' असं काहीतरी लागतं. मराठीत आपण ते नामासारखं वापरतो, सॉरी म्हण, सॉरी बोल, आणि माफी मागतात म्हणून इंग्रजीतही 'आय आस्क्ड हिम सॉरी' किंवा 'आय टोल्ड हिम सॉरी' असं बोलून जातो. दोन्ही चूक. 'आय सेड सॉरी टू हिम' बरोबर. 'व्हेरी मच सॉरी' हेही आपल्याकडे खूप ऐकू येतं, ते नुसतं 'व्हेरी सॉरी' किंवा 'सो सॉरी' हवं, कारण विशेषणाआधी व्हेरी मच असं लावत नाहीत, कोणी 'व्हेरी मच हॅपी' म्हणत नाही तसंच.

टू नंतर क्रियापद आलं की बहुतेक वेळा ती गोष्ट आत्ता चाललेली असते किंवा आत्ता करणार असतो. दार ढकलून आत डोकावताना म्हणायचं 'सॉरी टू डिस्टर्ब यू'. काम उरकून निघताना म्हणायचं 'सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू', कारण आता त्रास देऊन झालाय. टू घेऊनच झालेली गोष्ट सांगायची असेल तर 'सॉरी टू हॅव केप्ट यू वेटिंग', जरा औपचारिक आहे पण फार छान वाटतं. 'सॉरी टू हिअर दॅट' वेगळं, तिथे ऐकून वाईट वाटलं एवढंच, माफीचा लवलेश नाही. आणि बोलण्यात सगळ्यात सहज म्हणजे थेट वाक्य जोडणं, 'सॉरी आय अ‍ॅम लेट', याच्यात कुठलं अव्यय लावायचं हा प्रश्नच येत नाही, शंका असेल तेव्हा सरळ हे वापरा.

फॉर आणि अबाउट पुढे एखादी गोष्ट आली तर बऱ्याचदा दोन्ही चालतात, 'सॉरी फॉर द डिले', 'सॉरी अबाउट द डिले'. माझ्या कानाला फॉरमध्ये जबाबदारी जरा जास्त ऐकू येते, अबाउट जरा हलकं, बोलण्यातलं. पण पुढे माणूस आला की खेळ बदलतो आणि इथे लोक खरंच अडकतात. 'आय अ‍ॅम सॉरी फॉर माय ब्रदर' म्हणजे मला भावाची कीव येते, त्याच्याबद्दल वाईट वाटतं. 'आय अ‍ॅम सॉरी अबाउट माय ब्रदर' म्हणजे त्याने तुमच्याकडे येऊन जो काही गोंधळ घातला त्याबद्दल माफ करा. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मेलमध्ये एका मॅनेजरने लिहिलं होतं 'वी आर सॉरी फॉर आवर इंजिनिअर', त्याला म्हणायचं होतं की आमचा इंजिनिअर उद्धट बोलला, आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं की बिचाऱ्या इंजिनिअरला काहीतरी झालंय. आणि ज्याची माफी मागायची त्याच्यासाठी 'आय अ‍ॅम सॉरी टू यू' असं सहसा म्हणत नाहीत. समोरच्याला उद्देशून बोलायचं असेल तर अपॉलोजाइज घ्या, 'आय अपॉलोजाइज टू यू फॉर धिस', तिथे टू माणसासाठी आणि फॉर गोष्टीसाठी असे दोघांचे खण ठरलेले आहेत.

'फील सॉरी फॉर' याच्यापासून जरा जपून. 'आय फील सॉरी फॉर यू' म्हणजे तुझी कीव येते, आणि कीव केलेली कोणालाच आवडत नाही. शोकसंदेशात 'फील सॉरी फॉर यू' लिहू नका, 'अ‍ॅम सो सॉरी फॉर युवर लॉस' किंवा 'अ‍ॅम सो सॉरी अबाउट युवर फादर' लिहा. एका शब्दाने सांत्वनाचं कीव करणं होतं.

नामाच्या आधी सॉरी आला की अर्थ आणखीनच वेगळा. 'अ सॉरी स्टेट', 'अ सॉरी साइट' म्हणजे दयनीय, बघवत नाही अशी अवस्था. त्यामुळे 'ही इज अ सॉरी मॅन' म्हणजे माफी मागणारा माणूस नव्हे, अगदीच गयागुजरा माणूस.

आता क्लायंटचा मेल. छोट्या गोष्टींना, एक दिवस उशीर, अटॅचमेंट राहिली, सॉरी पुरेसं आहे आणि माणसासारखं वाटतं. प्रत्येक मेलची सुरुवात सॉरीने करायची सवय मात्र सोडा, जिथे वाट बघायला लावलं तिथे 'थँक यू फॉर वेटिंग' जास्त चांगलं बसतं. समोरच्याचं खरंच नुकसान झालं असेल तर अपॉलोजाइज लिहा, आणि लिहिताना काय चुकलं ते नाव घेऊन लिहा. मागे एका कंपनीचं ग्राहकांना पाठवायचं पत्र माझ्याकडे आलं होतं, तीन दिवस त्यांची सेवा बंद होती, आणि पत्रात होतं 'वी आर सॉरी इफ एनीवन वॉज इनकन्व्हीनिअन्स्ड'. यातला 'इफ' बघा. तीन दिवस लोक अडकलेत, आणि पत्र म्हणतंय की कोणाला त्रास झाला असेल तर. त्यात 'एनीवन', म्हणजे कोण ते माहीत नाही, आणि 'वॉज इनकन्व्हीनिअन्स्ड', म्हणजे त्रास झाला पण कोणी दिला ते नाही. माफीच्या वाक्यातून माफी मागणाराच गायब. मी ते असं केलं, 'आवर सर्व्हिस वॉज डाउन फॉर थ्री डेज. धिस वॉज आवर फॉल्ट, अँड वी अपॉलोजाइज.' त्याच्याखाली पैसे कसे परत मिळणार ते. त्यांना आधी भीती वाटली की फॉल्ट शब्द फार कडक आहे, पण शेवटी तसंच गेलं. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं, की माफीच्या सगळ्या भागांत सगळ्यात वजनदार भाग म्हणजे चूक आपली आहे हे मान्य करणं, त्याच्यानंतर भरपाईची तयारी, आणि 'माफ करा' अशी विनंती सगळ्यात शेवटी.

बोलण्यातली दोन छोटी वळणं राहिली. 'सॉरी?' असं आवाज वर नेऊन म्हटलं तर त्याचा अर्थ काय म्हणालात, परत सांगता का, एवढाच. आणि एक्स्क्यूज मी साधारण आधी, सॉरी नंतर, म्हणजे गर्दीतून वाट काढायच्या आधी एक्स्क्यूज मी आणि धक्का लागल्यावर सॉरी. ब्रिटिश लोक मात्र वाट काढतानाही सॉरी म्हणतात, वेळ विचारतानाही म्हणतात, त्यामुळे ब्रिटिश माणूस तुम्हाला सॉरी म्हणाला तर त्याने काय केलं याचा विचार करत बसू नका.

परत तुमच्या मेसेजकडे येते. त्या सहकाऱ्याचं उत्तर आलं तर ते बहुतेक नुसतं 'थँक यू' असेल. मित्र पुन्हा म्हणेल की बघ, सॉरीला कोणी थँक यू म्हणतं का, इट्स ओके म्हणायला हवं. तर सहवेदनेच्या सॉरीला थँक यूच म्हणतात, इट्स ओके हे माफीच्या सॉरीला. त्याने इट्स ओके लिहिलं असतं तर समजा की त्यानेही तुमचा सॉरी मित्रासारखाच वाचला, मग पुढच्या वेळी सरळ मराठीतच लिहा त्याला, वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं, काही लागलं तर फोन कर.